पास्टरांनी सोडलेला बोकड

मनवेल पास्टर रस्त्यानं चालले की त्यांचं लक्ष माणसांकडे कमी आणि बकऱ्यांकडे जास्त असे. बाजाराच्या दिवशी घाटंजीच्या रस्त्यावर कोणी चार बकऱ्या हाकत निघाला की पास्टर थांबत, एक डोळा बारीक करून जनावर जोखत आणि शेजारी जो कोणी असेल त्याला हळूच सांगत, "हा धा किलो पडन. हाडं धरून." शेजारी बहुतेक वेळा मीच असे. मग मी म्हणायची, "पास्टर, तुम्ही देवाचे माणूस ना?" यावर मुळीच न ओशाळता ते म्हणत, "देवाचाच आहो मॅडम. पन बापाचं मटनाचं दुकान होतं न."

कागदोपत्री त्यांचं नाव इम्मानुएल. पण एवढं लांब नाव उच्चारायला गावाला सवड नव्हती, म्हणून मनवेल. वडिलांचं दुकान पांढरकवड्याला, हायवेच्या कडेला. गिऱ्हाईक सगळं ट्रकवाल्यांचं. ऐन पंचविशीपर्यंत मनवेलनं तिथं सुरी चालवली. मग काय डोक्यात आलं कुणास ठाऊक, एक दिवस दुकान धाकट्या भावाच्या हवाली केलं, धर्मशिक्षण घ्यायला गेले आणि पाळक होऊन परत आले. "दुकान सोडलं, मटन नाही सोडलं," हे त्यांचंच वाक्य.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. घाटंजीला बदली झाली तेव्हा चर्चच्या मागची खोली भाड्यानं मिळाली. आम्ही बुद्धाचे. माझ्या आजोबांनी घरातले सगळे देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले होते, आणि वडिलांसमोर कुणी नवसाचं नाव काढलं तर ते चहाचा कप खाली ठेवून भांडायला बसत. मी पाळकाच्या आवारात राहणार म्हटल्यावर आईनं बजावलं, "खोली घे, धर्म नको घेऊ." आईची धास्ती फुकट गेली. मला आपल्या मंडळीत ओढायचा पास्टरांनी कधी प्रयत्नच केला नाही. मीच एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "तुमीबी तिकडे येऊन बसल्या तं मी वाद कोनासंगं घालू?"

मंडळी लहानशी. पत्र्याचं छत, भिंतीला निळा रंग, आणि बाकांवर कापूस वेचणारी, निंदण करणारी माणसं, दवाखान्यातल्या दोन सिस्टर आणि एलियासराव. एलियासराव म्हणजे मंडळीतले वडील, एक प्रकारचे पंचच. निवृत्त मुख्याध्यापक, आणि देवाचीही उत्तरपत्रिका तपासतील असा चेहरा. रविवारी मी अंगणात कपडे धुवायला बसायची आणि खिडकीतून प्रवचन आपोआप कानावर पडायचं. पास्टरांची एक खोड होती. वचन कोणतंही असो, फिरून फिरून ते मोशेच्या वेदीपाशी येत. जनावर निर्दोष कसं ओळखायचं, चरबी कोणती जाळायची, गुर्दे कसे वेगळे करायचे, सगळं इतकं रंगून सांगत की पुढच्या बायका जांभया देत आणि मागचे बाप्ये आवंढे गिळत. मग पहिल्या बाकावरून मार्थावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, खोकत. तो इशारा असे. पास्टर तिथल्या तिथं गुर्दे सोडून क्रुसावर येत आणि आमेन म्हणून मोकळे होत.

संध्याकाळी ओट्यावर चहा घेताना मी त्यांना छेडायची. एकदा म्हटलं, "तुमचा देव म्हणे प्रेमाचा. मग इतकी जनावरं कशाला कापायला लावली त्यानं? आमच्या बुद्धानं अडीच हजार वर्षांपूर्वीच यज्ञातली जनावरं सोडवली. तुमच्याकडे इतका उशीर का?"

पास्टर बशीतला चहा फुंकत म्हणाले, "उशीर झाला खरा. पन बंद कराले थो सोता आला न मॅडम."

"हे उत्तर नाही."

"मंग आयका." त्यांनी बशी खाली ठेवली. खाटकाचं बोलणं करताना त्यांचा आवाज नेहमी खाली यायचा. "देवाले रक्ताची तहान नव्हती. तहान लागते थ्याले देव म्हनतच नाही. पन मानूस चुकते, अन् आपल्या चुकीनं कोनाचं काय गेलं हे त्याले दिसत नाही. म्हनून सांगतलं, आन जनावर. तुह्या गोठ्यातलं, हातानं चारा घातलेलं. त्याच्या डोक्यावर हात ठेव अन् मन, हा माह्या जागी. मंग सोता काप. मॅडम, ज्यानं एक खेप कापलं त्याले समजते. जनावर शेवटपर्यंत तुमच्याचकडे पाह्यते."

मग बशी पुन्हा उचलून म्हणाले, "तरी लोकं शिकले नाही. सकाळी बोकड कापाचे अन् दुपारी गरिबाले लुबाडाचे. देवच म्हने, पुरे झाले तुमचे बोकड, मले कंटाळा आला. अन् खरं सांगा, बोकडाचं रक्त कुठं अन् मानसाचा गुन्हा कुठं? कोन्या काट्यावर बसते हे वजन? शेवटी देवानंच म्हटलं, आता मीच येतो त्या जागी. एक खेप. मंग कोनीच नाही. बोकड नाही, कोंबडं नाही, मानूस तं नाहीच नाही."

त्या "मानूस तं नाहीच नाही" मध्ये काय होतं ते मला नंतर कळलं.

बोंडअळीनं कापूस खाल्ला ती ही वर्षं. गावोगाव मंडप पडायचे, आणि ते लग्नाचे नसायचे. अशाच एका गावात एका तरुण शेतकऱ्यानं जीव दिला होता. पास्टर त्याच्या बापाला ओळखत, म्हणून भेटायला गेले. माझ्या वर्गातली दोन मुलं त्या घरची, म्हणून मीही गेले. तिथं एक नेते आले. माईक कुठून आला कुणास ठाऊक, पण आला. नेते म्हणाले, हे बलिदान आहे, हे बलिदान आम्ही वाया जाऊ देणार नाही. लोक खाली मान घालून ऐकत होते.

मागून पास्टर उभे राहिले. "साहेब, बलिदान नका म्हनू."

नेत्यांना वाटलं कुणी घोषणा देतोय. त्यांनी हसून हात केला.

"नाही साहेब, खरंच नका म्हनू. बळी म्हटलं का कोनीतरी घेनारा लागते. कोनं घेतला हा बळी? मातीनं? देवानं? देवानं तं नाही घेतला, थे मी सांगतो. इथं जवान पोरं बसली आहेत. त्यायनं आयकलं तं त्यायले वाटन का मेलं म्हंजे मान भेटते. हा पोरगा जगाले पाह्यजे होता. एवढंच बोला."

नेते घड्याळ बघून निघाले. मेलेल्या पोराचा बाप उठला, पास्टरांपाशी आला आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून पहिल्यांदा रडला. परतीच्या वाटेवर बकऱ्या होत्या, त्या पास्टरांनी बघितल्याही नाहीत.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीला शेवंताबाईचं झालं. शेवंताबाई कापूस वेचणारी, विधवा, हाडानं काटक आणि बोलायला फटकळ. थोड्या दिवसांपासून ती चर्चला येऊ लागली होती. तिचा एकुलता एक मुलगा संतोष दुसऱ्याच्या शेतात पंप पाठीला लावून फवारणी करायचा. एक दिवस वारं उलटं फिरलं, औषध तोंडावर आलं आणि तो शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच कोसळला. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात जीव वाचला, पण डोळ्यांपुढे नुसतं धुकं. पास्टर एसटीनं जाऊन त्याच्या खाटेपाशी बसत, प्रार्थना करत, संत्री सोलून देत. दिवाळीच्या आसपास धुकं हळूहळू विरलं आणि पोरगा काळा चष्मा लावून घरी आला.

पुढच्या रविवारी मी अंगणात कपडे घासत होते. फाटकातून शेवंताबाई आली. हातात दोर, दोराला काळाभोर बोकड, त्याच्या कपाळाला हळदकुंकू आणि गळ्यात झेंडूची माळ. मागून संतोष, मेल्याहून मेल्यासारखा लाजलेला. उपासना नुकतीच संपत होती. दारात एलियासराव.

"हे काय आनलं व, शेवंता?"

"नवस आहे. येशूले बोलली होती. पोराले दिसाले लागलं तं बोकड देतो म्हनून. दिसाले लागलं."

"हे काय मरीमायचं ठान आहे?" एलियासराव तडकले. "बळी इथं चालत नाही. काढ ते बाहेर."

आवाज ऐकून पास्टर पांढऱ्या झग्यातच बाहेर आले. खोटं कशाला सांगू, त्यांची पहिली नजर बोकडावरच गेली. मग त्यांनी एलियासरावांना हातानं थांबवलं आणि मायेनं म्हणाले, "बाई, आपल्या येशूले बोकड लागत नाही. त्यानं मागतलाच नाही."

"लागत नाही?"

"नाही."

शेवंताबाईनं बोकडाकडे पाहिलं. मग पोराला म्हणाली, "संतोष, जाय, बोकडाले पानी आन." तो हौदाकडे गेल्यावर, वांग्याचा भाव सांगावा तसं ती म्हणाली, "मंग मलेच जा लागन."

"कुठं?" पास्टर म्हणाले.

"मी तसंच बोलली होती. बोकड घे, नाही तं मले घे, पन पोराचे डोळे राहू दे. बोकड नाही घेत म्हनता, तं मीच राह्यली. आज ना उद्या थो मांगनच. पोराचे डोळे परत गेल्यावर जाऊन काय फायदा? आधीच गेलेलं बरं."

ती रडत नव्हती, तेच फार भयंकर होतं. त्या वर्षी कोणाच्या घरात ती फवारणीच्या औषधाची बाटली नव्हती? आणि ही बाई शब्दाची पक्की, हे सगळं गाव जाणून होतं. माझ्या हातातलं ओलं लुगडं तसंच हातात राहिलं.

पास्टर झग्यासकट पायरीवर बसले. आता हे प्रवचन देतील असं मला वाटलं. त्यांनी दिलं नाही.

"शेवंताबाई, याच्या डोक्यावर हात ठेव."

तिनं ठेवला.

"हा कोनाच्या जागी आहे?"

"माह्या."

"बरोबर. आता आयक. मोशेच्या काळी वर्षातून एक दिवस असा राहे का लोकं दोन बोकड आनत. दोघंबी सारखेच. एकाले कापत. दुसऱ्याच्या डोक्यावर असाच हात ठेवत, सगळ्यायचं पाप त्याच्यावर घालत, अन् त्याले रानात सोडून देत. समजलं? एक कापाचा, एक सोडाचा. कापाचा थो कापून झाला, क्रुसावर. थ्याच्या मांगून देवाच्या घरी सुरी नाही. तुह्या हाती आहे थो दुसरा. याले सोडाचं."

"सोडाचं? देवाच्या नावानं?" शेवंताबाईचे डोळे बारीक झाले. आमच्याकडे देवाच्या नावानं गोऱ्हा सोडतात, बोकड सोडतात. त्याला मग कुणी बांधत नाही, कुणी कापत नाही. कुणाच्याही वावरात तो चरला तरी लोक हात जोडतात. ही गोष्ट तिला कुणी शिकवायला नको होती.

"सोडला तं फिटते?"

"फिटलंच आहे बाई. तू आनाच्या आधीच फिटलं. पन तुह्या हातानं सोड, म्हंजे तुले समजन."

"अन् मी?"

"तूबी सुटली."

"पक्कं?"

"पक्कं."

तिनं गाठ सोडली. बोकड जागचा हलेना. सगळी मंडळी श्वास रोखून उभी, आणि तो आपला रवंथ करतोय. एवढ्यात संतोष बादली घेऊन आला, त्यानं ढुंगणावर एक चापट दिली, तसा बोकड उसळला आणि थेट चर्चमध्ये शिरून टेबलावरची शेवंतीची फुलं खाऊ लागला. एलियासराव चप्पल हातात घेऊन त्याच्यामागे धावले. आधी शेवंताबाईच हसली. मग आम्ही सगळेच.

संध्याकाळी मी विचारलं, "पास्टर, हे तुमच्या शास्त्रात बसतं?"

"एलियासराव म्हनते नाही बसत. अन् थे बरोबर आहेत. मोठमोठे पंडित सांगतात का दोन्ही बोकड म्हंजे येशूच. मरनाराबी थोच अन् पाप उचलून नेनाराबी थोच." ते बोटांनी पायरीवरची माती उकरत होते. "पन बाईच्या हातात दोर होता मॅडम. नुस्तं बोलून थो सुटला नसता." मग म्हणाले, "हा बोकड काही अमर नाही. हा मरन तवा ती काय समजन?"

ही काळजी त्यांनी वर्षभर अंगावर वागवली. बोकडाला गावानं 'पास्टरचा बोकड' हे नाव दिलं आणि तो खुशाल गावभर हिंडू लागला. बाजारात मेथीच्या जुड्या ओढायचा, शाळेच्या वर्गात येऊन बसायचा. एलियासरावांच्या बागेतली कोथिंबीर तर त्यानं वंशपरंपरागत हक्कानं खाल्ली. पास्टर सायकलवर त्याच्या मागे. त्याच्या गळ्यात घंटा बांधली, रोडवर बसला की हाकलून आणायचे, पातळ हगला तरी ढोरांच्या डॉक्टरला बोलवायचे. आयुष्यभर बोकडांची हाडं धरून वजनं करणारा हा माणूस एका बोकडाच्या तब्येतीला जपत होता. मी चिडवायची, "काय पास्टर, किती किलो?" ते उसासा टाकून म्हणायचे, "वीसच्या वर गेला मॅडम. पाहूही वाटत नाही."

पुढच्या वेचणीच्या दिवसांत एका सकाळी बातमी आली: यवतमाळ रोडवर ट्रकनं पास्टरचा बोकड उडवला. जागीच गेला.

पास्टर दाढी करत होते. अर्ध्या तोंडाला साबण तसाच. "मॅडम, गाडी काढा," एवढंच म्हणाले. शाळेला रजा टाकून मी स्कूटी काढली. शेवंताबाई घरी नव्हती. दाराला बाहेरून नुसती कडी होती, कुलूप नव्हतं. ती बघून पास्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. शेजारणीनं सांगितलं, ती गावाबाहेरच्या वावरात गेली आहे. धूळवाटेनं मी गाडी पिटाळली. मागे पास्टर पुटपुटत होते. प्रार्थना असावी, पण मला नुसतं "नको, नको" ऐकू येत होतं.

वावर पांढरं झालं होतं. तुरीच्या ओळीपलीकडे कमरेला ओटी बांधून शेवंताबाई वेचत होती. आम्हाला बघून ती थांबली. पास्टर धापा टाकत तिच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"बोकडाचं आयकलं मी," तीच म्हणाली. "संतोषचा फोन आलता."

"मंग?"

"मंग काय? गाडीखाली आला. रोडच्या मंधात बसाची खोड होती त्याले. देवाचं काय त्यात?"

पास्टर तिच्याकडे बघतच राहिले. तिनं त्यांचा साबणाचा गाल पाहिला, धापा पाहिल्या, माझी वाटेवर तशीच आडवी टाकलेली गाडी पाहिली. मग तिला सगळं कळलं. फटकळ बाई, पण तिचा आवाज एकदम मऊ झाला.

"मी कुठं नाही जात, पास्टर. एवढा कापूस येचाचा पडला आहे."

पास्टर धुऱ्यावर मटकन बसले आणि तोंडावर हात घेऊन हमसून हमसून रडले. मीही रडले, मला कशाची लाज? वर्षभर आपण तिला धरून ठेवलं आहे असं त्यांना वाटत होतं. ती तर केव्हाच आपल्या पायावर उभी होती. शेवंताबाईनं तांब्यातलं पाणी दिलं आणि म्हणाली, "तोंड धुवा. किती जीव लावला होता त्या मेल्याले."

महिनाभरात माझी बदली वणीकडे राजूरला झाली. पास्टरही नंतर दुसऱ्या जिल्ह्यात गेले म्हणे. गाठ पुन्हा पडली नाही. म्हणून मनवेल पास्टर म्हटलं की मला ते त्या वावरातलेच दिसतात. तोंड धुऊन झाल्यावर त्यांना काय करावं कळेना. परत जायचंही मन होईना. मग त्यांनी चपला काढल्या, विजार वर दुमडली आणि शेवंताबाईच्या शेजारची ओळ धरली. वेचणं त्यांना मुळीच येत नव्हतं. बोंडासकट पालाही ओटीत जात होता.

"पास्टर, पाला नका आनू," शेवंताबाई ओरडली. "अन् हा किडका, कवडीचा कापूस झाडालेच राहू द्या. मालक मले बोलन."

"बरं बाई," पास्टर म्हणाले, आणि एकेक बोंड नीट बघून वेचू लागले.